उरलेलं कापड

मोठ्या भाऊजींनी शर्टाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला, तेव्हाच धाकटी सावध झाली. भाऊजी काही कागदावरून बोलणारे गृहस्थ नव्हेत. पेटीचं माप ते नजरेने घ्यायचे आणि प्रार्थना डोळे मिटून करायचे. भांडण तर ते करतच नसत. नुसते गप्प बसून समोरच्याला दमवत. असा माणूस जेव्हा लिहून आणतो, तेव्हा तो विचारायला नाही, सांगायला आलेला असतो.

"बसा सगळे," ते म्हणाले.

सगळे बसलेलेच होते. सासूबाई खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर चष्म्याची डबी. जाऊबाई टेबलाशी वाटाणे सोलत. हात रिकामे असले की तोंड सुटतं, हे त्यांचं त्यांनाच माहीत होतं. नणंद हॉस्पिटलातून थेट आलेली, पायांत अजून ड्युटीचे पांढरे बूट. आणि धाकटीचा नवरा जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर, हातात गाडीची किल्ली. दोन वर्षांपासून अंत्ययात्रेची गाडी तोच चालवायचा, आणि घरातही असा बसायचा की कुणी हाक मारली तर लगेच निघता यावं.

खाली कारखाना होता. शवपेट्यांचा. पॉलिशचा आणि ताज्या भुशाचा वास जिन्यावरून वर यायचा आणि जेवणात मिसळायचा, पण तो आता कुणाला येत नसे. पाहुणे मात्र घास हातात धरून नाक मुरडायचे. "आपलं गिऱ्हाईक कधी तक्रार घेऊन परत येत नाही," असं सासरे हयात असताना म्हणायचे आणि स्वतःच पोट धरून हसायचे. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली तरी कारखाना चालायचा तो त्यांच्याच नेमांवर. एखादी पेटी चालू असताना जेवायला उठायचं नाही. जिवंत माणसाचं माप घ्यायचं नाही, थट्टेतसुद्धा. आणि अस्तराचं उरलेलं कापड पेटीतच जायचं. सॅटिनची वीतभर चिंधी उरली तरी ती उशीत भरायची, म्हणजे मेलेल्याच्या नावानं कापलेलं काही जित्याच्या घरात राहत नाही. अस्तर शिवायचं काम धाकटीचं. लग्न होऊन आली तेव्हापासून, दहा वर्षं. आत्ताही खाली मशीनवर एका म्हाताऱ्या पोस्टमास्तरची उशी अर्धी शिवून पडली होती. सकाळी सातला पेटी जायची होती, आणि इथं ही सभा.

"पाळकसाहेबांनी मला रविवारी बोलायला सांगितलंय," भाऊजी म्हणाले. "हॅलोविनवर. चर्चच्या मंडळीत दोन तट पडलेत. तरुण पोरं म्हणतात, चर्चच्या हॉलमध्ये मुलांना बोलवू, बायबलातल्या लोकांचे पोशाख घालू, खाऊ वाटू. जुनी माणसं म्हणतात, त्या संध्याकाळी दारं लावून प्रार्थनेला बसावं. मी वडील आहे मंडळीचा, कारभार बघणाऱ्यांतला. मला स्वतःच्या अनुभवाची साक्ष द्यायची आहे. पण आपल्या घरातलं आहे, म्हणून आधी तुमच्यापुढे वाचतो."

"आजच वाचायचंय का?" नणंदेनं विचारलं. "आजची तारीख तरी बघ."

"तारीख बघूनच बोलावलंय."

ऑक्टोबरची एकतीस तारीख होती, हॅलोविनचीच. समोरच्या औषधाच्या दुकानानं काचेला कागदी सांगाडा लटकवला होता आणि दुकानदाराला स्वतःला त्यात काही विनोदी वाटत नव्हतं. बेकरीच्या पायरीवर डोळे कोरलेला भोपळा. मागल्या वर्षी हीच संध्याकाळ, आणि धाकटीचा ढब्बू या जिन्याच्या पायऱ्या दोन-दोन करून उतरला होता. सहा वर्षांचा. गोलमटोल, म्हणून आजोबांनी ठेवलेलं नाव. शाळेतल्या वहीवरचं दुसरंच होतं, पण ते शाळेबाहेर कुणी वापरलं नाही.

भाऊजींनी चष्मा लावला आणि वाचायला लागले. वाचताना त्यांचा आवाज बदलायचा, दुसऱ्याच कुणाचा व्हायचा.

"'प्रिय बंधुभगिनींनो, अंधाराशी थट्टा करू नका. ज्या संध्याकाळी जग मृत्यूचा मुखवटा घालून नाचते, त्या संध्याकाळी आपण कोणत्या बाजूला उभे आहोत, हे पाहणारा वर आहे. हे मी पुस्तकातून सांगत नाही. आमच्याच घरात, मागल्या वर्षी, एका आईने आपल्या लेकराला त्या दिवसाचे कपडे चढवून दारोदार पाठवले. नवव्या दिवशी ते लेकरू आम्ही मातीला दिले. दार कोणी उघडले, हे प्रभू जाणतो.'"

पुढेही होतं काही. धाकटीला ऐकू आलं नाही. तिच्या कानात दोनच शब्द राहिले होते.

"एका आईने?" ती म्हणाली.

"नाव घेतलेलं नाही मी."

"भाऊजी, मंडळीत दीडशे माणसं आहेत. त्यातली दीडशेच्या दीडशे त्याच्या मातीला आली होती. नाव कशाला हवं?"

"तुला दोष देण्यासाठी नाही लिहिलेलं, धाकटे. दुसऱ्या कुणाचं लेकरू जाऊ नये म्हणून."

"माझ्या पोराला चर्चच्या चौथऱ्यावर उभं करू नका." तिला वाटलं होतं आपण ओरडू, पण आवाज अगदीच बारीक निघाला. "एवढंच मागते. बाकी काय बोलायचं ते बोला. सैतानाला शिव्या द्या, भोपळ्याला द्या. त्याचं नाव नका काढू. एक वर्ष झालं, मी रोज झोपताना स्वतःला सांगते की माझ्या हातून काही झालं नाही. निम्म्या वेळेला पटतं. तुम्ही तिथं उभं राहून हे वाचलंत की निम्म्या वेळेलासुद्धा पटायचं नाही."

जाऊबाईंनी पुढची शेंग मोडली. वाटाणे तेवढे भांड्यात पडत होते.

मग नणंद उठली. ती उठली की धाकटीला नेहमी बरं वाटायचं. या घरात हॉस्पिटलात नोकरी करणारी तीच एक होती.

"दादा, मेंदूला सूज आली होती त्याला. जंतुसंसर्ग. त्या महिन्यात आमच्याकडे तसली चार मुलं आली होती. त्यातल्या दोघांच्या घरी हॅलोविन काय चीज असते ते माहीतही नव्हतं. साप साप म्हणून भुई धोपटायची ती किती? आणि पोरगं गेलं होतं कसला पोशाख घालून? देवदूताचा! दारोदार जाऊन 'प्रभू तुम्हाला आशीर्वाद देवो' म्हणत होतं. सैतानाला राग यायचा तर त्याचा यायला हवा."

"पोशाख कुठलाही असो. संध्याकाळ कुणाची होती?"

"आपली होती," सासूबाई म्हणाल्या.

सगळ्यांनी वळून बघितलं. म्हातारी आठवड्यातून दोनदा बोलायची, तेही औषधाबद्दल.

"आपलीच होती ती संध्याकाळ. उद्या सर्व संतांचा दिवस. मी लहान होते तेव्हा आदल्या संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन कबरींवर जायचो आम्ही. भीती नाही वाटायची. आजी कबरीशी बसून गप्पा मारायची आजोबांशी, शेजाऱ्याशी बोलावं तशा. घरातलंच माणूस आहे, जरा बाहेर गेलंय, असं. मग ही टॉफीवाली माणसं आली आणि त्यांनी भुतं आणली. आणि तुम्ही लोकांनी भुतांना घाबरून अख्खी संध्याकाळच सोडून दिलीत." त्यांनी डबी उघडून मिटली. "पोराचं नाव नको घेऊस, थोरल्या. शोभत नाही."

धाकटीनं मनात मोजलं. सासूबाई, नणंद, आपण. नवरा बोलला नव्हता. पण तो आपलाच. जाऊबाई एकट्या पडतील. भाऊजी कागद मिटतील. एका वर्षात पहिल्यांदाच तिनं पाठ खुर्चीला टेकली.

तेवढ्यात जाऊबाईंचे वाटाणे संपले.

"जंतुसंसर्ग म्हणताय, तर तसंच असेल," त्या म्हणाल्या. टरफलं गोळा करत, कुणाकडे न बघता. "आम्ही काय, अडाणी. पण मग एक सांगा वन्सं. जंतूच होते, तर वेळेवर नेलं असतं तर वाचला असता का हो तो?"

नणंदेचा चेहरा उतरला.

"ताप चढला त्या रात्री धाकटीनं तुम्हाला फोन केला. अंग तव्यासारखं तापलंय, मान दुखतेय म्हणतो. तुम्ही काय सांगितलंत? सिरप द्या, ओल्या फडक्यानं पुसा, सकाळी घेऊन या. मी इथंच उभी होते, फोन मोठ्यानं लावला होता. मान दुखतेय म्हटलं होतं तिनं. दोनदा."

"अगं, काय बोलतेस!" भाऊजी म्हणाले. पण उशिरा म्हणाले.

नणंद खाली बसली. बसताना खुर्ची चुकली, टेबलाला धरून सावरली. धाकटीला तो फोन शब्दन् शब्द आठवत होता. वर्षभरात तिनं एकदाही तो उगाळला नव्हता. बत्तीस तास सलग ड्युटी झालेली बाई झोपेत फोन उचलते आणि दहा मुलांना सांगते तेच अकराव्याला सांगते. त्याला कोण काय करणार?

"ताई, मी कधी म्हटलंय का तुम्हाला?" ती म्हणाली. "त्यांचं ऐकू नका. तुमची चूक नव्हती."

नणंद आपल्या बुटांकडे बघत होती. मग म्हणाली, "हॉस्पिटलात सगळंच कळतं असं नाही. दोन मुलं वाचली, दोन गेली. तीच औषधं, तोच वॉर्ड. का ते डॉक्टरांनाही सांगता नाही आलं." तिनं ओठ चावला. "असेलही काही. दादा म्हणतो तसं. आपल्याला काय कळतंय?"

"ताई!"

"मला नको विचारूस गं," नणंद म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "मला नको विचारूस."

धाकटीला राग यायला हवा होता. पण आली ती कीव. सैतान असला की सिरपचा प्रश्न उरत नाही. तीही नणंदेच्या जागी असती तर तिनंही सैतानाचाच हात धरला असता.

पण तिच्याकडे अजून एक गोष्ट होती. वर्षभर झाकून ठेवलेली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ती मूठ मिटून मिटून तिची बोटं आखडली होती. ती उठली, आतल्या खोलीत गेली, कपाटाच्या तळाशी चादरींखाली हात घातला, आणि परत येऊन टेबलावर वाटाण्यांच्या भांड्याशेजारी ते ठेवलं.

पंख होते. तारेच्या चौकटीवर ताणलेलं पांढरं सॅटिन, कडेला बारीक टीप, खांद्याला बांधायच्या दोन फिती. एका पंखाला चॉकलेटचा डाग. नवऱ्यानं स्टुलावरून ते बघितलं आणि मान दुसरीकडे फिरवली.

"हे तू ठेवलंस?" जाऊबाई म्हणाल्या.

"भाऊजी, सगळं सांगायचं तर सगळं सांगा. साक्ष म्हणजे काही निम्मी नसते." तिनं पंख त्यांच्यापुढे सरकवले. "मागल्या वर्षी तो सांगाडा व्हायचं म्हणून जमिनीवर लोळत होता. तुम्ही म्हणालात, भूत नाही, देवदूत होऊ दे. काळोखाच्या दिवशी एक तरी देवदूत रस्त्यावर दिसू दे. ही तार कुणी वाकवली? तुमच्या पकडीनं, तुम्ही. तो मांडीवर बसला होता तुमच्या. लिहा ना तेही."

तिला वाटलं होतं, इथं ते मऊ पडतील. कारण तेव्हा किती हसले होते तिघं! ढब्बूनं पंख लावून रंधा मारायच्या बाकावर चढून उडी टाकली होती आणि काकाने त्याला हवेत झेललं होतं. आठ दिवसांनी त्याच काकाने त्याच बाकावर साडेतीन फुटांची पेटी केली, गड्यांना हात लावू दिला नाही. त्यानंतर कारखान्यात लहान पेटीचं काम घेणंच बंद झालं. लोक आले की भाऊजी दुसऱ्या कारखान्याचा पत्ता द्यायचे आणि आत निघून जायचे. अशा माणसाला आणखी काय ऐकवायचं, म्हणून ती वर्षभर मूग गिळून बसली होती.

भाऊजी पंखांकडे बघत राहिले. हात मात्र दुसराच पुढे आला, सुरकुतलेला. सासूबाईंनी पंखाची कड दोन बोटांत धरली, चोळली, उलटी केली. धाकटीच्या आधी चाळीस वर्षं त्यांनीच अस्तरं शिवली होती.

"हे आपलं आहे," त्या म्हणाल्या. "बाजारातलं नाही हे."

धाकटीनं कापडाकडे बघितलं. हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. इतके दिवस तिच्या डोक्यात ते पंख होते, कापड नव्हतं.

"अस्तराचं आहे. उरलेलं. कुणी काढून दिलं?"

खाली रस्त्यावर मुलांचा आवाज आला, कुठलं तरी दार वाजलं. भाऊजींनी चष्मा काढला.

"मी," ते म्हणाले. "फळीवर होतं. धाकटी म्हणाली होती मला, भाऊजी, उरलेलं पेटीत जातं. मी म्हटलं, देवदूताला चालतं." त्यांचा आवाज आता वाचनातला नव्हता, घरचा होता आणि फाटलेला होता. "आई, मीच दिलं."

"कुणाच्या पेटीचं?"

"त्या... दोन दिवस आधी एक मुलगी गेली होती. शाळेतली."

सासूबाईंनी बोटं पंखावरून काढली आणि पदराला पुसली. धाकटीनं ते बघितलं. कुणी आपल्या तोंडात मारलं असतं तर बरं, असं तिला वाटलं.

"मग झालंच," म्हातारी म्हणाली. "तुझ्या बापानं पन्नास वर्षं एक चिंधी बाहेर जाऊ दिली नाही. मेलेल्या लेकराचं कापड जित्या लेकराच्या पाठीला बांधलंत. आणि मग विचारता का, काय झालं म्हणून!"

"आई, आत्ता तुम्हीच म्हणालात ना, संतांची संध्याकाळ म्हणून! घरातलंच माणूस बाहेर गेलंय म्हणून!" धाकटी म्हणाली.

"ते वेगळं, हे वेगळं." सासूबाईंनी तोंड खिडकीकडे फिरवलं. "वाच तू, थोरल्या. वाचायलाच हवं."

पालथ्या घड्यावर पाणी पडतं तेव्हा ते निदान वाहून तरी जातं. धाकटीनं आपल्याच हातानं आगीत तेल ओतलं होतं. मघाशी दोन बाजू होत्या; आता एकच होती, आणि ती तिनं आणलेल्या पुराव्यावर उभी होती.

"म्हणूनच वाचायचंय मला," भाऊजी म्हणाले. ते रडत होते, डोळे न पुसता. "तुला काय वाटलं, मी विसरलो? रोज त्या बाकावर हात ठेवला की ते कापड दिसतं. कुठं तरी बोललो नाही तर मी फुटेन, धाकटे."

"मग तसं लिहा." तिनं टेबलावरचं पेन उचलून त्यांच्यासमोर धरलं. "'एका आईने' खोडा. 'एका काकाने' लिहा. मी काही म्हणणार नाही. पहिल्या रांगेत येऊन बसेन."

भाऊजींनी पेन घेतलं. टोपण काढलं. कागदावर ती ओळ शोधली, पेनाचं टोक त्या शब्दावर टेकवलं. शाईचा एक बारीक ठिपका उमटला, तो थोडा मोठा झाला. मग त्यांनी टोपण लावलं.

"नाही लिहिता येत," ते म्हणाले. "मंडळी मला वडील म्हणते. पाळक जाऊन पाळक येतात, लोक माझ्याकडे बघून आत येतात. मी असं केलं, हे कळलं तर..." वाक्य तसंच राहिलं. "तुझं नाव नाही घेतलेलं मी. नाव नाही घेतलेलं."

आता एकच माणूस उरला होता. ती जिन्याकडे गेली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. त्या रात्री तो गाडीवर होता, कुणाला तरी दुसऱ्या गावी पोचवायला. अंत्ययात्रेत फोन वाजू नये म्हणून बंद ठेवायचा. तोही एक नेम. पहाटे घरी आला तेव्हा अकरा फोन येऊन गेले होते. त्याबद्दलही ती कधी बोलली नव्हती. या घरात तिनं न बोललेल्या गोष्टींची एक वेगळी खोली झाली असती.

"अहो," ती म्हणाली. "तुम्ही सांगा. मला तुमच्याकडूनच ऐकायचंय. माझ्यामुळे गेला का तो?"

त्यानं किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

"दादाला वाचू दे," तो म्हणाला.

"मी ते विचारलं नाही."

"माहितेय गं." त्यानं वर बघितलं. त्याचे डोळे कोरडे होते, वर्षभर होते तसेच. "मी एवढी माणसं नेतो रोज. प्रत्येकाच्या घरचे सांगतात कशानं गेला ते. दारू, अपघात, म्हातारपण. काहीतरी सांगतात. माझ्याकडे सांगायला काहीच नाही. ताप आला आणि गेला, एवढंच. बिनकारणाचं मला सोसत नाही. दादा म्हणतो ते तरी कारण आहे. वाचू दे."

म्हणजे हो. तिनं तासभर जपून ठेवलेला माणूस होता तो.

त्याच वेळी खाली कारखान्याच्या दाराची घंटा वाजली. पाठोपाठ हसणं, दबकं खाकरणं, आणि पुन्हा घंटा.

"उघडू नका कुणी," भाऊजी म्हणाले.

जाऊबाईंनी उठून वरचा दिवा मालवला. सगळे अंधारात बसून राहिले, आपल्याच घरात चोरासारखे. आणि धाकटीच्या अंगात काय आलं कोण जाणे. "मी उघडते," ती म्हणाली. टेबलावरचे पंख उचलले आणि जिना उतरली.

खाली दिवा चालूच होता. मशीनच्या खणात संत्र्याच्या टॉफ्यांची पिशवी होती. सकाळी कोपऱ्यावरून तिनं ती का घेतली, हे तिलाही सांगता आलं नसतं. पिशवी काखेत मारून तिनं दार उघडलं.

"खाऊ द्या, नाहीतर खोडी काढू!"

चौघं होती. सगळ्यात मोठी बाराएक वर्षांची, डोक्यावर चेटकिणीची टोपी. दोन मुलगे, तोंडाला पीठ फासलेले. आणि मागे एक अगदी छोटी, मुसमुसणारी.

"बाप रे!" एक मुलगा तिच्या मागे बघून म्हणाला. "काय भारी सजवलंय काकूंनी! पेट्या खऱ्यासारख्याच वाटतात."

"खऱ्याच आहेत."

पोरं खदाखदा हसली. तिलाही हसू आलं. पाठीमागे तिघांच्या पेट्या उभ्या होत्या आणि एकीत उद्या पोस्टमास्तर निजणार होता. तिनं मुठी भरभरून टॉफ्या वाटल्या. घ्या, अजून घ्या. ढब्बू दोन्ही हातांची ओंजळ करायचा.

"ही का रडतेय?"

"हिचा पंख मोडला," चेटकीण म्हणाली. "परी आहे ती. पुठ्ठ्याचे होते, रस्त्यात पडली त्यावर." मग तिची नजर धाकटीच्या हाताकडे गेली. "काकू, ते पंख देता? एवढ्या संध्याकाळपुरते. उद्या सकाळी आणून देते, अगदी नक्की."

छोटीनं रडणं थांबवलं. डोळे मोठे करून पंखांकडे बघितलं. आणि कुणी हो म्हणायच्या आत वळून पाठ करून उभी राहिली, खांदे मागे, मान खाली, फिती बांधून घ्यायला. ढब्बूही असाच उभा राहिला होता. हलू नको रे, म्हणाली होती ती, आणि तो श्वास रोखून उभा होता.

तर हे आलं होतं दारात. वर पाच माणसं अंधारात बसली होती, आणि इथं एक लेकरू पंख मागत होतं. हे बांधले आणि पोरगी हसत गेली, सकाळी पंख परत आले, की झालं. कापड म्हणजे कापड. ताप म्हणजे ताप. तिला आणखी कुणाच्या साक्षीची गरज पडली नसती.

धाकटी गुडघ्यावर बसली. पंख पोरीच्या पाठीला लावले. फिती खांद्यांवरून पुढे घेतल्या. समोर ती मान होती, कोवळी, घामेजलेली, मागे दोन बटा चिकटलेल्या. तिनं पहिल्या फितीला पीळ दिला.

आणि हात पुढे जाईनात.

तिनं मनातल्या मनात स्वतःला शिव्या दिल्या. बांध ना गं, बांध. काही नसतं त्यात, तासभर हेच ओरडत होतीस ना? तिला ढब्बूची मान ताठ झालेली दिसली, उशीवर, पहाटेची. तिनं झटका लागल्यासारखे पंख मागे ओढले आणि छातीशी धरले.

"नको," ती म्हणाली. "हे नको, बाळ. हे कापड चांगलं नाही."

छोटी वळून बघायला लागली. तिला काही कळेना. ओठ पुन्हा थरथरू लागला.

"जा. घरी जा सरळ. कुठं थांबू नका." तिनं उरलेली पिशवीच चेटकिणीच्या हातात कोंबली आणि दार लावलं. कडी घातली. बाहेर "काय झालं गं काकूंना?" असं कुणीतरी विचारलं, मग पावलं पुढच्या दाराकडे गेली.

ती थोडा वेळ दाराला पाठ लावून उभी राहिली. मग मशीनपाशी गेली. पोस्टमास्तरची उशी एका बाजूनं उघडीच होती. तिनं कात्रीनं टाके उसवून सॅटिन तारेवरून सोडवलं, चॉकलेटच्या डागासकट घडी केली आणि उशीत सारलं. अगदी आत, कापसाच्याही खाली. मग सुई ओवली आणि तोंड शिवून टाकलं. टाके सरळ आले. दहा वर्षांची सवय होती.

वर कुणीतरी दिवा पुन्हा लावला होता. ती आली तेव्हा सगळे जिथल्या तिथे होते. नवऱ्यानं तिच्या रिकाम्या हातांकडे बघितलं, पण विचारलं नाही. भाऊजी कागदाची घडी करत होते आणि ती नीट बसत नव्हती.

"भाऊजी," ती म्हणाली. "रविवारी वाचा तुम्ही."

"धाकटे, तू म्हणत असशील तर मी ती ओळ..."

"नको," ती म्हणाली. "'एका आईने' असंच राहू द्या. बरोबर आहे ते."